नाव आणि पूर्ण पत्ता

१

‘अजब उद्या’ मासिकाच्या ऑफिसात कुठला महिना चालू आहे, हे बाहेरून आलेल्या माणसाला कधी कळलंच नसतं. भिंतीवरचं कॅलेंडर १९३४ सालचा जून दाखवत होतं, टेबलांवर सप्टेंबरच्या अंकाची प्रुफं पसरली होती आणि संपादक पेर्लमान फोनवर नोव्हेंबरच्या मुखपृष्ठावरून चित्रकाराशी हुज्जत घालत होते. स्टॉलवर अंक ताजा दिसावा म्हणून त्यावर पुढचा महिना छापायचा, ही या धंद्यातली जुनी लबाडी होती. न्यू यॉर्कमधली सगळी कथामासिकं ती करत. पण इथे माणसं आठ-आठ वर्षं तशी जगली होती, त्यामुळे आपण नक्की कुठल्या दिवसात आहोत हे त्यांनाही थांबून आठवावं लागे.

“मुंगळ्याला सहा पाय असतात हो, सहा!” पेर्लमान फोनवर ओरडत होते. “मंगळावरचा असला म्हणून काय झालं? दोन पाय कमी काढलेत तर वाचक माझी सालटी काढतील.”

ते खोटं नव्हतं. मासिक लाकडाच्या लगद्याच्या इतक्या हलक्या कागदावर छापलं जाई की पानात कुसळं दिसत आणि पाच वर्षांत त्याचा चुरा होई. मालक तीन बदलले, नाव दोनदा बदललं. पण वाचक हटला नाही. तो दर महिन्याला पत्र लिहून भांडायचा. त्या पत्रांचं सदर होतं ‘चावडी’, आणि चावडीचं सगळं काम ऑगस्टा क्लिंग बघायची. पन्नाशीला टेकलेली, करड्या केसांची, कमी बोलणारी बाई. सात वर्षं ती त्याच खिडकीशी बसत होती.

चावडीचा एकच नियम होता, पहिल्या मालकाने घालून दिलेला: नाव आणि पूर्ण पत्ता. ज्या पत्रावर तो नसेल ते टोपलीत. बाकीची पत्रं पत्त्यासकट छापायची, म्हणजे विज्ञानवेड्या मंडळींची आपसांत ओळख होईल. आणि झालीही तशी. गावोगावची एकलकोंडी पोरं एकमेकांना पत्रं लिहू लागली, उत्तरासाठी तिकीट लावलेला लिफाफा आत घालू लागली, रविवारी एकमेकांच्या दारात जाऊन उभी राहू लागली. दोघं जमले की क्लब निघे आणि तिसरा आला की त्यात फूट पडे.

त्या सकाळच्या टपालात ॲल्विन टोबायसचं पत्र होतं. ब्राँक्समध्ये राहणारा, चष्मेवाला, दर महिन्याला चार पानं लिहिणारा हा पोरगा चावडीचं जुनं गिऱ्हाईक होता.

“मिस लोटी क्लिंग यांचं उत्तर मिळालं, फार आनंद झाला,” त्याने लिहिलं होतं. “पण एक विचारू का? चावडीतल्या पत्रात त्यांनी आपलं वय अठरा सांगितलं होतं. अक्षर मात्र चौथीतल्या मुलीसारखं आहे. तेही पेन्सिलीने, तुमच्याच अंकाच्या फाडलेल्या पानाच्या कडेला. त्यांना ‘चंद्रावरची विहीर’ या जुन्या कादंबरीचा तिसरा भाग हवाय. म्हणतात, माझ्याकडे पहिले दोनच आहेत, पुढे त्या माणसांना कुणी बाहेर काढलं का?”

ऑगस्टाने पत्र खाली ठेवलं. मग तिने शांतपणे पेन्सिलीला टोक काढलं, आणि ते मोडेपर्यंत काढतच राहिली.

लोटी क्लिंग ही तिची मुलगी. ती सात वर्षांपूर्वी वारली होती.

२

चावडीत कधीकधी पत्रं कमी पडत. मग पेर्लमान म्हणत, “मिसेस क्लिंग, अर्धं पान उघडं राहतंय, करा काहीतरी.” करा काहीतरी म्हणजे एक पत्र रचा. हे प्रत्येक मासिकात चाले आणि कुणाला त्यात पाप वाटत नसे. ऑगस्टा नाव रचायची, कुठल्यातरी लांबच्या गावचा पत्ता रचायची आणि भागवायची.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी तिने नाव रचलं नाही. टाइपरायटरवर बोटं ठेवली आणि बोटांनीच लिहिलं: मी अठरा वर्षांची आहे, लहानपणापासून तुमचा अंक वाचते, मुलींना यातलं कळत नाही म्हणणाऱ्यांनी जरा माझ्याशी वाद घालून बघावा. लोटी अठरा वर्षांची झाली असती तर अगदी अशीच फटकळ झाली असती. खाली सही, आणि सहीखाली नियमाप्रमाणे पूर्ण पत्ता: १७, केलर स्ट्रीट, ब्रुकलिन.

“ही क्लिंग तुमची कोण?” पेर्लमाननी प्रुफावरून डोकं वर काढून विचारलं होतं. ते मागाहून आलेले, त्यांना काही माहीत नव्हतं.

“मुलगी.”

“आणि इतकी वर्षं लपवून ठेवलीत? कमाल आहे बाई तुमची! आणा की एकदा ऑफिसात. पोरगी तिखट दिसतेय.”

“आणीन कधीतरी,” ऑगस्टा म्हणाली. ते वाक्य तोंडातून बाहेर पडताच तिला इतकं बरं वाटलं की संध्याकाळी खोलीवर जाऊन ती ढसाढसा रडली. त्यानंतर तिने लोटीची आणखी दोन पत्रं छापली.

केलर स्ट्रीटवरचं ते लाकडी घर तिच्या सासऱ्याचं. नवरा गोदीतल्या अपघातात गेल्यावर माय-लेकी तिथे राहत. सत्तावीस सालच्या फेब्रुवारीत लोटीचा घसा धरला. ऑगस्टाला वाटलं, सर्दी असेल. दोन दिवस तिने तसेच जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि म्हणाले, घटसर्प. प्रतिविष टोचलं, पण उशीर झाला होता. आरोग्य खात्याच्या माणसाने दारावर ‘संसर्गजन्य रोग, प्रवेश बंद’ अशी पाटी ठोकली. ऑगस्टाच्या बहिणीला, टिलीला, लहानपणी हा आजार होऊन गेला होता, म्हणून ती आत शुश्रूषेला राहिली. ऑगस्टाची तेव्हाची टायपिस्टची नोकरी टिकायची तर तिने बाहेर राहायचं. वस्तू बाहेरून आत जाऊ दे, आतून बाहेर काही यायचं नाही, कागदाचा कपटासुद्धा नाही, असं त्या माणसाने तिला दोनदा बजावलं.

रोज संध्याकाळी ती दाराशी जायची. दारात पत्रं टाकायची फट होती, तिला पितळी झडप. ऑगस्टा फटीतून ‘अजब उद्या’चा एकेक जुना-नवा अंक आत सरकवायची. पलीकडून तो ओढला जायचा.

“आई, आत ये ना. थोडा वेळ.”

“उद्या येते हं, राजा.”

“तू रोज उद्याच म्हणतेस.”

चावी पर्समध्ये होती. आठ संध्याकाळी ती पर्समध्येच राहिली. लोटीने जमिनीवर पाय ठेवायचा नाही, हृदयावर ताण येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं हे ऑगस्टाला नंतर कळलं. पोरगी टिलीचा डोळा चुकवून रोज अनवाणी दारापर्यंत चालत यायची, कारण आई फक्त दारापर्यंत यायची. नवव्या दिवशी दोन पावलं उरली असताना ती खाली बसली आणि उठली नाही.

‘चंद्रावरची विहीर’चे तेव्हा दोन भाग आले होते. खाणीत अडकलेली माणसं वर दोर येण्याची वाट बघत बसली आहेत, तिथे दुसरा भाग संपत होता. तिसरा भाग पुढच्या महिन्यात आला. ऑगस्टा मुलीची वर्गणी बंद करायला म्हणून ऑफिसात आली, जिन्यात रडत बसली आणि जुन्या संपादकाने तिला पाणी देऊन नोकरीही देऊ केली. घर तिने विकलं नाही, भाड्याने दिलं नाही, त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. तिसरा भाग तिने कधी वाचला नाही.

३

कुणीतरी चेष्टा करतंय. यापलीकडे दुसरं काय असणार? रिकाम्या घरात कुणी भटका शिरला असेल, पत्रांतली तिकिटं मिळतात म्हणून उत्तरं देत असेल. पेन्सिलीचं म्हणाल तर पेन्सिल कुणाकडेही असते. जुने अंक तर रद्दीत ढिगाने मिळतात, त्यातले दोनच भाग एखाद्याच्या हाती लागणं काही अशक्य नाही. ऑगस्टा हे सगळं मनाशी मांडायची आणि ते बरोबर जुळायचं. तरी रात्री झोप येत नव्हती.

तिने त्या पत्त्यावर मासिकाच्या कागदावर दोन ओळी टाइप केल्या: “आपण कोण आहात? हा प्रकार ताबडतोब थांबवा.” हाताच्या सवयीने उत्तरासाठी तिकीट लावलेला, ऑफिसचा पत्ता छापलेला लिफाफा आत घातला गेला. टपालपेटीत टाकल्यावर ते तिच्या लक्षात आलं.

आठवड्याभरात ॲल्विनचं दुसरं पत्र आलं. “रविवारी केलर स्ट्रीटला जाऊन आलो. मिस लोटी दार उघडत नाहीत, फटीतूनच बोलतात. आवाज फार बसलाय. मला म्हणाल्या, चावी आईकडे आहे, पण मागची खिडकी ढकलली की उघडते, ये ना आत, थोडा वेळ. मी म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की.”

शनिवारी अर्धा दिवस सुट्टी असे. ऑगस्टा दुपारी दोन वाजता केलर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उतरली. ऊन लख्ख होतं. पोरं रस्त्यावर चेंडू खेळत होती, समोरच्या घरातून कोबी शिजल्याचा वास येत होता. सतरा नंबरच्या पायऱ्यांवर पोस्टमन उभा होता, हातात पाच-सहा पत्रं घेऊन.

“तुम्ही इथल्या का बाई?” त्याने विचारलं. “बरं झालं भेटलात. एवढं टपाल या गल्लीत दुसऱ्या कुणालाच नाही.”

“या घरात कुणी राहत नाही,” ऑगस्टा म्हणाली.

“राहत नाही कसं? जाणारी पत्रं रोज फटीतून अर्धी बाहेर काढून ठेवलेली असतात, मी जाता जाता ओढून घेतो.” तो हसला. “लहान मुलगी आहे ना? द्वाड आहे हो. कधीकधी पलीकडून धरूनच ठेवते, सोडत नाही. मग मी म्हणतो, सोड गं बाई, मला उशीर होतोय. की सोडते.”

त्याने पत्रं फटीतून टाकली, टोपीला हात लावला आणि पुढच्या घराकडे गेला. ऑगस्टा ऐकत होती. दाराच्या आत पत्रं फरशीवर पडल्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही.

ती पायऱ्या चढली. पाटीचे चार खिळे दारावर तसेच होते. लाकूड उन्हाने तापलं होतं, पितळी झडप मात्र बर्फासारखी गार. पर्समध्ये तिचा हात चावीवर होता. वारा असेल, ती मनाशी म्हणाली, किंवा आत खाली गालिचा असेल. गालिचा नव्हता. औषधाची धुरी देऊन झाल्यावर खात्याच्या माणसांनी गालिचा, उशा, पुस्तकं, सगळं परसात नेऊन जाळलं होतं.

आत कुणीतरी चालत होतं. जवळजवळ नाहीच असा आवाज, अनवाणी पावलांचा. तो दारापाशी येऊन थांबला. मग फटीच्या पलीकडे, तिच्या कमरेइतक्या उंचीवर, कुणीतरी कष्टाने श्वास घेऊ लागलं. घसा आवळलेल्या मुलाचा श्वास कसा वाजतो हे ऐकलेलं माणूस दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत करत नाही.

झडप आतून दोन बोटं उचलली गेली.

चावी घट्ट धरून ऑगस्टा तशीच उभी राहिली, किती वेळ ते तिला सांगता आलं नसतं. मग पायऱ्यांवरून मागे मागे उतरली आणि कोपऱ्यापर्यंत पळत गेली.

४

बुधवारी टपालाच्या गठ्ठ्यात ऑफिसचा छापील लिफाफा होता. आत अंकाच्या पानाची फाडलेली कड, पिवळी पडलेली, आणि पेन्सिलीतल्या चार ओळी. ‘एस’ उलटा काढायची लोटीची खोड चौथीपर्यंत गेली नव्हती. शिक्षिकेने तीनदा निरोप पाठवला होता.

“संपादकांस नमस्कार. तुम्ही विचारलंत मी कोण. मी लोटी. शनिवारी माझी आई आली होती. मला वाटलं आता येईल. या वेळी पण ती बाहेरच उभी राहिली.”

पेर्लमान तिच्या खांद्यावरून वाकून वाचत होते. “हे कुणाचं? लेकीचं तुमच्या?” ते खुशीत म्हणाले. “छान आहे की! भुताची गोष्ट चार ओळींत. छापून टाका.”

मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. “मिसेस क्लिंग? अहो, पाणी आणू का?”

“नको,” ऑगस्टा म्हणाली. “उरलेलं टपाल बघते.”

पुढचंच पाकीट ब्राँक्सहून आलेलं होतं, पण त्यावर अक्षर ॲल्विनचं नव्हतं. त्याच्या आईने लिहिलं होतं. रविवारपासून मुलाचा घसा बंद झालाय. दवाखान्यात ठेवलंय, मला काचेतूनच बघू देतात. डॉक्टर विचारतात कुठे गेला होता. तो पाटीवर लिहून सांगतो, केलर स्ट्रीट. त्याच्या क्लबातली पाच मुलं येत्या रविवारी तिथेच जाणार होती, आता तर हट्टानेच जाणार म्हणतात. त्या घरात कोण राहतं हो? तुम्ही पत्ता छापलात, तुम्हाला माहीत असेल.

काचेतूनच बघू देतात. ऑगस्टाने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. ब्राँक्समधली कुठलीशी बाई, तिचं तोंडही ऑगस्टाने पाहिलं नव्हतं, आणि तिला त्या काचेपाशी उभं करणारी ऑगस्टाच होती. लोटीला राग नव्हता, द्वेष नव्हता. तिला एकटं वाटत होतं आणि जो कुणी दाराशी येईल त्याला ती आत बोलावत होती. जिला बोलवायचं होतं ती आत जात नव्हती, एवढंच कारण होतं. हे समजायला काही विज्ञान लागत नव्हतं.

लोटी मेली असं चावडीत छापता आलं असतं. तिने कागद टाइपरायटरवर चढवलाही. “कळवण्यास अत्यंत दुःख होते की” इथपर्यंत आली आणि थांबली. ते छापून पोरं थांबली असती. पण अंक यायला पाच आठवडे होते आणि रविवार चार दिवसांवर होता. शिवाय दाराच्या त्या बाजूला जी उभी होती, तिला ते कुणी आणि कसं सांगायचं?

५

गुरुवारी सकाळी तिने चावडीची पानं पुरी केली. शेवटी तीन ओळी घातल्या: “माझ्या सगळ्या मित्रांना, यापुढे मला कुणी पत्र लिहू नका, भेटायला येऊ नका. माझी आई आता माझ्याजवळ राहायला आली आहे. लोटी क्लिंग.” खाली पत्ता लिहिला नाही. ॲल्विनच्या क्लबातल्या पाचही मुलांना तिने तार केली: लोटी गाव सोडून गेली, रविवारी येऊ नये. मग ॲल्विनच्या आईला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात क्षमा मागण्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

“पत्ता राहिला खाली,” पेर्लमान पानं चाळत म्हणाले. “सात वर्षांत पहिल्यांदा चुकलात.”

“राहू दे या वेळी.”

“नियम म्हणजे नियम, बाई.”

“मिस्टर पेर्लमान, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पानाच्या कोपऱ्यात सही केली. ते ओरडत फार, पण माणूस वाईट नव्हता. “उद्या लवकर या,” ते म्हणाले. “डिसेंबरला हात घालायचाय.”

ऑगस्टा उद्या म्हणाली नाही. तिने जुन्या अंकांच्या कपाटातून सत्तावीस सालचा एक अंक काढला. मुखपृष्ठावर चंद्राचा खड्डा आणि त्यात सोडलेला दोर होता. पानांच्या कडांचा भुगा तिच्या बोटांना लागला. तिने तो रुमालात गुंडाळला, हॅट घातली आणि निघाली.

केलर स्ट्रीटला ती पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी संपून पोरं शाळेत परतत होती. पायऱ्या तिने मोजल्या नाहीत की ती मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा तेच झालं असतं. चावी कुलपात शिरली. सात वर्षं तेल न लागलेलं कुलूप कुरकुरेल, अडेल, असं तिला वाटलं होतं. ते सहज फिरलं.

दार उघडलं तसा उन्हाचा पट्टा आत पडला. गंधकाच्या धुरीचा वास तिच्या नाकात गेला, इतका ताजा की डोळ्यांत पाणी आलं. उघड्या फरशीवर भिंतीच्या कडेने पत्रांच्या थप्प्या नीट रचून ठेवल्या होत्या, सगळ्या गुडघ्याएवढ्या उंचीच्या. मधल्या मोकळ्या जागेत एक पेन्सिल पडली होती, चावून चावून नखाएवढी उरलेली. मागची खिडकी अर्धी उघडी होती. ऑगस्टाने आधी जाऊन ती लावून घेतली.

वळली तेव्हा उन्हाच्या पट्ट्याच्या कडेला, सावली सुरू होते तिथे, तिला दोन पावलं दिसली. लहान, अनवाणी, बोटं थंडीने आत वळवलेली. त्यांच्या वर काय होतं ते अंधारात होतं आणि तिने तिकडे मान वर केली नाही.

“लोटी,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बराच साधा निघाला. “फरशीवर पाय नको ठेवूस, राजा. डॉक्टर रागावतील.”

पावलं सावलीत मागे सरकली. पलंग कधीच परसात जळून गेला होता, तरी पलंग करकरल्याचा आवाज आला.

“तिसरा आणलास?”

“आणलाय. वाचून दाखवते.”

“सगळा?”

“सगळा.”

“मग तू जाशील?”

“नाही गं,” ऑगस्टा म्हणाली. गेली सात वर्षं जे घशात अडकलं होतं ते आता मोकळं झालं, आणि त्याच जागी काहीतरी दुखू लागलं, आवंढा गिळताना दुखावं तसं. ती दाराकडे गेली. बाहेर एक पोरगा चेंडूमागे धावत पायऱ्यांपर्यंत आला होता आणि उघड्या दारातून आत डोकावत होता. तिने त्याला हाताने जा म्हणून खुणावलं. तो पळाला.

मग तिने दार लावलं आणि आतून कडी घातली. गळ्याचा रुमाल सोडला, त्याची घडी केली आणि पत्रांच्या फटीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गच्च कोंबून बसवली. आतून बाहेर काही जाऊ द्यायचं नाही, हे तिला दोनदा बजावलेलं होतं.